मटकीला मोड येण्याआधी वास का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात फ्लॅटमध्ये राहता, मटकी रात्री भिजवता, सकाळी फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात ठेवता, आणि दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं की आंबूस वास येतो, हाताला चिकटा लागतो. मोड आले तरी अर्धेमुर्धे. थंडीत तर दोन-दोन दिवस काहीच हलत नाही. मेथीचे आणि अळिवाचे मोड काढून बघितले, ते साधले नाहीत. शिवाय घरात वाद चाललाय, की मोड कच्चेच खावेत, शिजवले की सत्त्व जातं. आणि जमलंच तर शेजारच्या मिसळवाल्याला मटकी पुरवावी असाही विचार आहे. मी सांगलीत हेच काम करते, मिसळवाल्यांना आणि मेसवाल्यांना मटकी देते, तर एकेक घेऊ. मटकीला वेळ जास्त देईन, कारण तिचं कळलं की बाकीचं निम्मं सुटतं.

आधी वास. मटकीला पाणी कमी पडलं असं तुम्हाला वाटतंय, पण बिघडलीये ती साचलेल्या पाण्यानं. भिजलेला दाणा जिवंत असतो. त्याला हवा लागते, आणि वाढताना तो ऊब सोडतो. दाण्यांच्या फटीत पाणी अडकून राहिलं की आत हवा पोचत नाही, दाणा गुदमरतो, त्याच्यातून पाण्यात उतरलेल्या साखरेवर जंतू पोसले जातात. वास आणि चिकटा त्यांचाच. तुमचा झाकणाचा डबा या सगळ्याला हातभार लावतो: हवा बंद, ऊब आत, आणि तळाशी गाठोड्यातून गळलेलं पाणी. खालचा भाग त्या पाण्यात बसून राहतो, म्हणून तुमच्याकडे वरच्या मटकीला मोड दिसतात आणि खालची नासते.

सकाळी भिजवणीचं पाणी ओतून द्या. मटकी दोन-तीन पाण्यांनी हात फिरवून धुवा, पाणी नितळ दिसेपर्यंत. मग ती चाळणीत काढून चाळणी थोडी तिरकी करून ठेवा आणि अर्धा तास तिच्याकडे बघू नका. हा अर्धा तास लोक वाचवतात आणि पुढं दोन दिवस वास घेत बसतात. चाळणीखाली ताटली ठेवलीत तर अंदाज येतो. थेंब पडायचे थांबले की मटकी बांधायला झाली. फडकं सुती हवं, ओलं करून घट्ट पिळलेलं. जुन्या पंच्याचं किंवा धोतराचं सगळ्यात छान. ओढणीचा पॉलिस्टरचा तुकडा वापरू नका, तो पाणी शोषत नाही आणि हवाही धड जाऊ देत नाही. दर वेळी फडकं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायचं. वास फडक्यात राहतो आणि पुढच्या खेपेला तोच मटकीला लागतो, हे कितीतरी जणींच्या लक्षात येत नाही.

गाठ सैल ठेवा. दाणा फुगतो, मोडाला जागा लागते. आणि गाठोडं डब्यात नाही, चाळणीत किंवा बुट्टीत ठेवा, खालून वारं लागलं पाहिजे. वरून ओलसर फडकं टाका म्हणजे वरचे दाणे सुकणार नाहीत.

एका गाठोड्यात पाव किलोच्या वर कोरडी मटकी घेऊ नका. किलोभर मटकी एकत्र बांधली तर दुसऱ्या दिवशी मधे हात घालून बघा, कोमट लागते. ती दाण्यांचीच ऊब आहे, आणि मधल्या दाण्यांना ती सोसत नाही. मी जास्त मापात करते तेव्हा गाठोडं बांधतच नाही. पसरट बुट्टीत फडकं अंथरून तीन बोटांएवढा थर, वर दुसरं फडकं.

एकदा बांधलं की मोड येईपर्यंत सोडायचं नाही, असं बऱ्याच घरांत मानतात. थंडीत चालून जातं. मार्चनंतर नाही. उन्हाळ्यात दर सात-आठ तासांनी गाठोडं सोडा, मटकी चाळणीत घेऊन वरून गार पाणी ओता, पुन्हा निथळा, पुन्हा बांधा. मोड तुटतील म्हणून भीती वाटत असेल तर फक्त पाणी ओतायचं, चोळायचं नाही. या पाण्यानं दोन कामं होतात, ऊब निघून जाते आणि चिकटा धुतला जातो.

भिजवण्याच्या वेळेतही गडबड होते. मटकीला आठ तास पुरतात, उन्हाळ्यात सहा-सात. मूग तेवढाच, मसूर थोडा कमी, हरभरा, वाटाणा आणि हुलगा यांना रात्रभर म्हणजे बारा तास लागतात. रात्री भिजवून दुपारी आठवण झाली, अशी मटकी पाण्यातच गुदमरलेली असते, मग कितीही नीट बांधा. पाणी दाण्यांच्या तिप्पट तरी घ्या आणि ते स्वयंपाकात वापरू नका. पोटात वायू करणाऱ्या साखरेचा काही भाग त्या पाण्यात उतरतो, कुंडीत ओता.

आता थंडीचं. सातारा सांगलीपेक्षा उंचावर आहे, तुमच्याकडे डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गार होतात. मटकी, मूग, चवळी, हुलगा ही खरिपाची पिकं. त्यांना 25 ते 30 अंशांची ऊब आवडते. हरभरा, मसूर, वाटाणा, मेथी रब्बीची, गारव्यात वाढणारी. मोड काढताना मी हाच हिशेब धरते. थंडीत हरभरा आणि मसूर जास्त करायचे, उन्हाळा-पावसाळ्यात मटकी आणि मूग. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हरभऱ्याला मोड येण्याआधी बुळबुळीतपणा येतो, तेव्हा तो करण्याचा हट्ट कशाला? काबुली तर त्याहून नाजूक.

थंडीतही मटकीच हवी असेल तर कोमट पाण्यात भिजवा, हाताला जेमतेम ऊन लागेल इतपत, कढत नाही. बांधल्यावर चाळणी घोंगडीत गुंडाळून ठेवा. माणदेशी घोंगडी घरात असेल तर उत्तमच, नाहीतर गोधडी. फ्रिजच्या वर किंवा मागच्या बाजूला जरा ऊब असते, तिथं ठेवलं तरी चालतं. उन्हात किंवा पेटत्या शेगडीजवळ ठेवू नका. एका बाजूचे दाणे सुकतात आणि दुसऱ्या बाजूचे नासतात. थंडीत मटकीला एक रात्र जास्त द्यायची, घाई करून उपयोग नाही.

हे सगळं नीट करूनही मोड येत नसतील तर मटकीच तपासा. बाजारात येणारी पुष्कळशी मटकी राजस्थानची असते. माण, खटाव, जत, आटपाडीकडची मिळाली तर बघा, पण जागेपेक्षा वय महत्त्वाचं. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला दाणा भिजतो, शिजतो, पण उगवत नाही. जूनच्या आधी आपल्याकडे शेतकरी सोयाबीनची उगवण तपासतात, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजतात, सत्तरच्या खाली आले तर बियाणं वाढवून पेरतात. तुम्ही तेच पन्नास दाणे ओल्या फडक्यात ठेवून करा. पन्नासात पंचेचाळीसच्या आसपास मोड आले तर माल चांगला. पस्तीसच्या खाली आले तर ती मटकी आमटीला वापरा आणि दुकानदाराला सांगा. न उगवलेले दाणे गाठोड्यात नुसते पडून राहत नाहीत, ते सगळ्यात आधी कुजतात आणि बाकीच्यांना घेऊन जातात.

गणंग वेगळे. भिजवल्यावरही काही दाणे खड्यासारखे टणक राहतात, आकारही वाढत नाही. ते मेलेले नसतात, त्यांच्या सालीतून पाणी आत जात नाही एवढंच. मुगात आणि मटकीत ते जास्त सापडतात. भिजवणीनंतर मटकी परातीत पसरून बोटांनी चाळा, टणक लागतील ते वेचून काढा, नाहीतर उसळीत दाताखाली येतील. याउलट भिजवताना तरंगणारे दाणे पोकळ किंवा किडके असतात, ते पहिल्याच पाण्यात ओतून द्या.

वर्षभराचं कडधान्य भरून ठेवताना आपल्याकडे एरंडेल चोळतात, कुणी बोरिक पावडर लावतात. एरंडेलाचा दाणा पाणी उशिरा घेतो, त्याला आधी कोमट पाण्यानं चोळून धुवा आणि भिजवायला दोन तास जास्त द्या. बोरिक लावलेलं मोडांसाठी मी घेतच नाही. मोडाचं धान्य वेगळं काढून ठेवायचं, कडुलिंबाचा पाला घालून, थोडं थोडं आणून. आणि शेतीच्या दुकानातलं पेरणीचं बियाणं कधीही खायला वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणूनच त्याला गुलाबी, निळा, लालसर असा रंग दिलेला असतो. धुतल्यानं ते निघून जाईल असं समजू नका. गावाकडून पेरून उरलेली पिशवी आली, 'घरचंच आहे' म्हणून, तर आधी विचारा की बीजप्रक्रिया केली होती का.

काही दाण्यांना मोड आणून कच्चे खायचेच नाहीत. तुमच्या जिल्ह्यातला कोरेगावचा वाघ्या घेवडा हा राजम्याच्या कुळातला. कच्च्या राजम्यात एक प्रथिन असतं, त्यानं काही तासांत जोरात उलट्या-जुलाब होतात, आणि मोड आणल्यानं ते जात नाही. घेवडा रात्रभर भिजवा, पाणी टाका, आणि नव्या पाण्यात खळखळा उकळत अर्धा तास शिजवा किंवा कुकरला लावा. मंद आचेवर कोमट ठेवून शिजवणं धोक्याचं, त्यात ते विष नीट मरत नाही. ज्वारीच्या मोडांचंही तसंच. कोवळ्या ज्वारीच्या कोंभात सायनाइड तयार होतं; फुटव्याची ज्वारी खाऊन जनावर दगावल्याचं शाळू पिकवणाऱ्या गावात कुणालाही विचारा. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करतो ते ठीक, तो प्रकार निराळा. सोयाबीनही शिजवल्याशिवाय नाही.

मग कच्चे की शिजवलेले? माझं मत स्पष्ट आहे: वाफवून खा. मोड वाढायला जी ऊब आणि ओल लागते, नेमकी तीच जंतूंना लागते. दाण्याच्या सालीच्या बारीक भेगांत जंतू बसलेले असतील तर नळाखाली धुवून निघत नाहीत, आणि दोन दिवसांत त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. मोड ताजे दिसतात, वासही येत नाही, तरी. 2011 साली जर्मनीत मोडांमुळे मोठी साथ आली होती. पन्नासहून जास्त माणसं गेली, हजारो आजारी पडली, आणि शोध घेतल्यावर संशय गेला तो इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांवर. तिथं मोड सॅलडमध्ये कच्चे खातात. आपल्याकडे मटकीची उसळ होते, मुगाला फोडणी बसते, हुलग्याचं माडगं उकळतं, म्हणून आपण या बाबतीत बरेचसे सुरक्षित राहिलो. अलीकडे डब्यात कच्चे मोड न्यायची टूम आली आहे, ती मला पटत नाही. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं, किंवा मोठ्या आजाराची औषधं चालू असलेलं कुणी घरात असेल तर कच्चे मोड अजिबात नकोत.

सत्त्व जातं म्हणणाऱ्यांचं म्हणणं निव्वळ खोटं नाही. कोरड्या दाण्यात नावालाच असलेलं क जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं आणि शिजवताना त्यातलं काही जातं. म्हणून पाच मिनिटं वाफ द्या, कुकरच्या चार शिट्ट्या नकोत, आणि वर लिंबू पिळा. लिंबानं लोहही चांगलं अंगी लागतं. वायू करणारी साखर मोडात कमी झालेली असते, दाण्यातलं लोह-जस्त अडवून धरणारं फायटिक आम्लही कमी होतं, हे फायदे शिजवल्यावरही राहतात. मोडात प्रथिनं कैक पटींनी वाढतात, हे मात्र खरं नाही. कोरड्या मुगात शंभर ग्रॅमला साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात आणि लांब मोडांच्या मुगात 3 ग्रॅमच्या आसपास, कारण उरलेलं बहुतेक पाणी. आपल्या आखूड मोडांत त्यापेक्षा जास्त असतात, पण कोरड्या दाण्याएवढी नाहीत. वजन कमी करायला वाटीभर मोड खाऊन पोट भरतं ते या पाण्यामुळेच.

हॉटेलसारखे लांब मोड कसे, असंही तुम्ही विचारलंय. उसळीला आणि मिसळीला लांब मोड नकोतच. मोड दाण्याएवढा किंवा दीडपट झाला की थांबायचं, त्यापुढे दाण्याची गोडी मोडात जाते, मग कटात मोड सुटे होऊन तरंगतात आणि दाणा पोकळ लागतो. चायनीजच्या गाड्यावरचे बोटभर पांढरे मोड मुगाचे असतात, ते अंधारात, वर वजन ठेवून, चार-पाच दिवस सारखं पाणी मारत वाढवलेले. वजनाच्या दाबानं मोड जाड होतो, अंधारानं पांढरा राहतो. घरी हौस म्हणून करा, पण उन्हाळ्यात नको.

मेथीला कडवटपणा असतो, तो जाणार नाही. आठ तास भिजवा, चांगली धुवा, बांधा, दीड-दोन दिवसांत मोड येतात. त्यापुढे वाढू दिलेत तर मुळांवर पांढरी लव दिसेल आणि तुम्ही बुरशी म्हणून टाकून द्याल. मोहरी आणि मुळ्याच्या मोडांचंही तेच. लव प्रत्येक मुळाशी सारखी असते आणि पाणी ओतलं की मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी या दाण्यावरून त्या दाण्यावर जाते, करडी-काळी पडते आणि तिला कुबट वास येतो. ती दिसली की सगळं गाठोडं टाकायचं, वरवरचं काढून नाही.

अळिवाला फडक्यात बांधलंत तिथंच चुकलं. अळीव, जवस, सब्जा पाण्यात पडले की त्यांच्याभोवती बुळबुळीत थर येतो, त्यांचा गोळा होतो. त्यांना भिजवायचं नाही. ताटलीत ओलं जाड फडकं किंवा कोकोपीटचा पातळ थर घ्या, अळीव कोरडेच विरळ भुरभुरवा, दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा, पहिले दोन दिवस झाकून आणि मग खिडकीत उजेडाला. आठवड्याभरात दोन-तीन बोटं उंचीची हिरवी पानं येतात, ती कात्रीनं वरून कापून घ्यायची. घटस्थापनेला घटाभोवती धान्य उगवतं त्यातलाच हा प्रकार.

तयार मोड फ्रिजमध्ये ठेवताना कोरडे असू द्या. धुवून लगेच डब्यात भरले की दुसऱ्या दिवशी चिकटतात. पंच्यावर पसरून पंख्याखाली थोडे वाळवा, डब्यात तळाशी सुती फडकं घाला. तीन-चार दिवस टिकतात. पाण्याचं म्हणाल तर नळाचं क्लोरिनचं पाणी चालतं, त्यानं मोडांना काही होत नाही. गढूळ विहिरीचं किंवा उघड्या टाकीचं नको. सांगलीत 2019 आणि 2021 च्या पुरानंतर बरेच दिवस मी मोड उकळून गार केलेल्या पाण्यातच काढत होते, आणि पुरात भिजून पोत्यातच मोड आलेलं धान्य कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नये, त्या पाण्यात काय नव्हतं!

आता विक्री. मिसळवाल्याला मटकी भल्या सकाळी लागते, म्हणून उलटं मोजा. परवा सकाळी सहाला द्यायची असेल तर आज रात्री नऊला भिजवायची, उद्या सकाळी निथळून बांधायची, उद्या दुपारी आणि रात्री एकदा पाणी दाखवायचं. थंडीत यात एक रात्र वाढवा. पाव किलो कोरडी मटकी आखूड मोडांची अर्धा किलोच्या थोडी वर भरते, भाव त्यावरून धरा, आणि गणंग वेचण्याची मजुरी त्यात घाला, ती लोक विसरतात. ओली मटकी वजनाला जास्त भरते म्हणून न निथळता देणारे आहेत. दोन-तीन दिवसांत गिऱ्हाईक ओळखतं, त्याच्याकडेही ती चिकटतेच ना. खाण्याचा माल विकायला अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी लागते, घरून केलं तरी. ती आधी करून घ्या. पहिला महिना एकच गिऱ्हाईक ठेवा, आणि उन्हाळ्यात सुरुवात करू नका.